हव म्हणजे हो नव्हे

एप्रिल लागला की माझं बूड खुर्चीवर टिकत नाही. कूलर चालू असतो, त्यात नवा वाळा भरलेला असतो, हाताशी माठातलं गार पाणी असतं. तरी दर दहा मिनिटांनी मी उठते, खिडकीशी जाते, उगीच बाहेर बघते आणि परत येऊन बसते. समोरच्या टेबलावरचे तिवारीजी चष्म्यावरून बघत विचारतात, "क्या हुआ मॅडम, चींटी काट रही है क्या?" मी म्हणते, "हव." ते हसतात. मी रजिस्टर उघडते, दोन ओळी लिहिते आणि पुन्हा उठते.

रायपूरच्या एका कॉलेजात मी बाबू आहे. बाई असले तरी बाबूच. इथे सरकारी टेबलावर बसलेला प्राणी बाबू म्हणूनच ओळखला जातो, त्याला काय साडी आणि काय पॅन्ट. माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कामावर आले आणि गुढियारीच्या पलीकडे क्वार्टर मिळालं. मी तिथेच जन्मले. घरात मले-तुले, अंगणात छत्तीसगढी, शाळेत हिंदी, अशी तीन ताटांत जेवून वाढलेली मी पोट्टी. आता चौबे कॉलोनीत राहते, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, आणि माझी स्वतःची पोरगी मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हिंदीत देते. तिला ओरडायला तोंड उघडावं तर माझ्याच तोंडून हिंदी निघतं.

खिडकीतून पोर्च दिसतो. परीक्षेच्या दिवसांत पोर्चमधली पोरं बसत नाहीत, फिरतात. हातात वही, ओठ हलताहेत, डोळे कुठेच नाहीत. दुपारी लू सुटते तेव्हा वहीची पानं फडफडतात आणि पोरं त्यांना अंगठ्यानं दाबून धरतात. फाटकाबाहेर कैरीच्या फोडी, तिखट-मीठ. गावाकडून रोज ये-जा करणाऱ्या पोरांच्या कपड्यांना मोहफुलाचा तो गोडसर, डोकं धरणारा वास. बीरगांवची पोरं मात्र लांबूनच ओळखू येतात, त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर कारखान्याची काळी धूळ बसलेली असते. धनेश्वरीच्या पांढऱ्या ओढणीवरही असायची. मी खिडकीशी जाते ती कुणाला बघायला, हे तिवारीजींना ठाऊक नाही. किंवा असेलही.

मागच्या वर्षीची गोष्ट. परीक्षा तोंडावर आलेली आणि कॉलेजनं वाचनकक्षाची वेळ कमी केली. रात्री आठपर्यंत उघडा असायचा तो चार वाजता बंद. कारण काय, तर तिथला कर्मचारी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी माणूस मिळेना. कागदावर कारण बरोबर होतं, मीच टाईप केलं होतं ना. पण चार वाजता कक्ष बंद म्हणजे बीरगांवच्या पोरांनी जावं कुठे? एका खोलीचं घर, वर पत्रा, आणि त्याच खोलीत रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला. दिवा लावला तर त्याची झोप मोडते, पान उलटलं तरी मोडते. धनेश्वरी मला म्हणाली होती, "मॅडम, हमारे यहाँ पन्ना भी धीरे पलटना पड़ता है." बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पोरगी. तिला पुढं बी.एड. करायचं होतं, शाळेत शिकवायचं होतं. बापाला सांगून तिनं लग्न दोन वर्षं लांबवलं होतं. दोनच. बाप शब्दाचा पक्का होता, दोन्ही बाजूंनी.

पोरांनी आंदोलन करायचं ठरवलं. आमच्या कॉलेजात त्याचेही नियम आहेत आणि ते मला पाठ आहेत. दोन दिवस आधी अर्ज द्यायचा. पोर्चच्या डाव्या बाजूला बसायचं, भोंगा लावायचा नाही, येण्याजाण्याची वाट अडवायची नाही. आणि अर्जाखाली एका विद्यार्थ्याची सही हवी. त्या रकान्याचं नाव 'ज़िम्मेदार छात्र'. त्या रकान्यापाशी आले की भले भले पुढारी पेन खिशात घालतात. नारे द्यायला पन्नास, सही करायला कोणी नाही. धनेश्वरीनं केली. जरा तिरकी, लांबलचक, संपूर्ण नावाची सही. मी अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाले, "सोच लिया है?" ती म्हणाली, "हव मॅडम."

त्यांचं आंदोलन म्हणजे काय, तर चार वाजता कक्षाला कुलूप लागलं की पोर्चमध्ये सतरंजी टाकून अभ्यास करत बसायचं. नारा नाही, भाषण नाही. चाळीस पोरं मान खाली घालून वाचताहेत. धनेश्वरीनं खडूनं फरशीवर एक रेघ ओढली होती आणि रेघेच्या पलीकडे कोणाची चप्पलसुद्धा जाऊ देत नव्हती. मला बाबा आठवले. त्यांच्या युनियनच्या मोर्च्यात एक माणूस रस्ता मोकळा ठेवायला नेमलेला असायचा, आणि बाबा ते काम मागून घ्यायचे. माझी आई चिडायची, "बाकीचे पुढं झेंडा घेऊन राहिले, आन् तुमी काहून सायकलीवाल्यायले वाट देऊन राहिले?" बाबा म्हणायचे, "आपल्याले मागाचा हक्क आहे, तसा त्याले जाचा हक्क आहे. त्याले अडवलं त आपलं मागणं अर्धं होते." लहानपणी मला हे काही फार थोर वाटलं नव्हतं. झेंडा घेतलेला बाप मला जास्त आवडला असता.

तिसऱ्या दिवशी फाटकाला कोणीतरी साखळी घातली. ती कोणी घातली हे आजतागायत कळलेलं नाही. सायन्सच्या पोरांची प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक रस्त्यावर गाडीत घामाघूम होऊन बसले, आणि एक तुकडी दीड तास उशिरा सुरू झाली. कुलूप तोडल्यावर सगळे आपापल्या कामाला लागले. धनेश्वरी तेवढी प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत राहिली की तुम्हाला त्रास झाला, माफ करा. साखळी तिनं घातली नव्हती. पण सही तिची होती. सगळ्या कॉलेजनं ते हात जोडणं बघितलं आणि सगळ्या कॉलेजनं त्याचा एकच अर्थ लावला.

आता 'हव'विषयी सांगायला हवं. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. आम्ही नागपूर-भंडाऱ्याकडचे लोकही हव म्हणतो, त्यामुळे हा शब्द आम्हाला इथे आल्यावर शिकावा लागला नाही. पण इथला हव निव्वळ होकार नसतो. मोठं माणूस बोलत असताना गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून त्याच्या प्रत्येक वाक्यामागे हव म्हणायचं. म्हणजे, ऐकते आहे, तुमचा मान ठेवते आहे, पुढं बोला. पटलं की नाही ही पुढची बाब. आमच्या आईनं बाबांच्या प्रत्येक बोलण्याला जन्मभर हव म्हटलं आणि केलं मात्र स्वतःच्या मनाचं. हे मला तिच्या पोटात असल्यापासून माहीत आहे म्हटलं तरी चालेल.

आणि तरीही गुरुवारी, अनुशासन समितीच्या बैठकीत, मी ती चूक केली.

प्राचार्यांच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे पाच जण, अलीकडे धनेश्वरी उभी. कोपऱ्यात कार्यवाहीचं रजिस्टर घेऊन मी. प्राचार्य वाईट माणूस नाही, पण हिंदीचे प्राध्यापक. लांब वाक्यांचा सोस. ते म्हणाले, "अनुमति तुम्हारे नाम से थी." ती म्हणाली, "हव." "फाटक पर साँकल लगी." "हव." "तुम्हारे साथियों ने लगाई, और परीक्षा में बाधा हुई." "हव सर." मान खाली, दोन्ही हात समोर एकमेकांत धरलेले. प्रश्न असा कोणी विचारलाच नाही, सगळी विधानंच होती. मी लिहिलं, 'छात्रा ने स्वीकार किया कि साँकल उसके साथियों ने उसकी जानकारी में लगाई.' 'उसकी जानकारी में' हे शब्द कोणीच उच्चारले नव्हते. ते माझे. वाक्य अपुरं वाटत होतं, भरीला घातले. बावीस वर्षं कार्यवाही लिहून हाताला एक वळण लागतं, वाक्य गोल झाल्याशिवाय पेन उचलत नाही. माझ्या कार्यवाहीत खाडाखोड नसते असं सगळं ऑफिस सांगतं, आणि मी ते ऐकून फुलते, खोटं कशाला बोलू?

पाच जणांनी सह्या केल्या. मी रजिस्टर फिरवून धनेश्वरीपुढं ठेवलं आणि म्हणाले, "यहाँ." तिनं वाचलं नाही. वाचू दिलं नाही असं नाही, पण वाच असंही मी म्हणाले नाही. मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली, तीच तिरकी, लांबलचक. अर्जावर ज़िम्मेदार छात्र म्हणून घेतलेल्या सहीच्या जोडीला आता रजिस्टरात कबुलीची सही होती. आणि या दोन सह्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे हे त्या खोलीत बसलेल्या सहा शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी आदेश निघाला. अंतिम निर्णयापर्यंत प्रवेशपत्र रोखण्यात येत आहे. पहिला पेपर शनिवारी होता.

दुपारी साडेबाराला ती माझ्या खिडकीशी आली. हातात कार्यवाहीची प्रत. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, पाणी दिलं असतं, समजूत घातली असती. ती फक्त त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, मैंने हाँ नहीं बोला था. मैं तो हव-हव कर रही थी."

मला त्याच क्षणी कळलं. एका क्षणाचाही उशीर झाला नाही.  ती आणखी काही समजावत होती, की सर बोलत होते म्हणून, की माफी मागितली ती त्रास झाला म्हणून, पण मला समजावायची गरज नव्हती. मी म्हणाले, "सर विश्वविद्यालय गए हैं. कल सेकंड सैटरडे है. सोमवार को देखते हैं." ती म्हणाली, "कल पेपर है." मी म्हणाले, "हाँ, देखते हैं."  ती मागच्या पोराला जागा द्यायला बाजूला झाली.

प्राचार्य विद्यापीठात गेले होते हे खरं. पण फोन होता. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. एक वाक्य सांगायचं होतं, सर, लिहिण्यात माझी चूक झाली. त्या एका वाक्यासाठी मी दुपारभर फोन हातात घेतला आणि ठेवला. पाच सह्या झालेली कार्यवाही, ती बदलायची म्हणजे पाचही जणांना कळणार. तिवारीजींना कळणार. मेश्राम मॅडमच्या रजिस्टरात खाडाखोड, असं माझ्याबद्दल ऑफिसभर होणार. आज लिहिताना लाज वाटते की कारण एवढंच होतं. नोकरी जाणार नव्हती, पगार कापणार नव्हते, कोणी धमकावलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी विहारात होते. जयंती जवळ आलेली, आणि आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुलांकडून संविधानाची उद्देशिका पाठ करून घ्यायचं काम दरवर्षी माझ्याकडे. मुलं हिंदीतून म्हणत होती, कारण मराठीतून त्यांची जीभ अडते. न्याय या शब्दाशी आलं की एक छोटी पोरगी दरवेळी अडखळायची आणि मी तिला पुन्हा मागून म्हणायला लावायची. घड्याळात आठ वाजले. आठला पेपर सुरू होतो. मी त्या पोरीला म्हणाले, "फिर से." सव्वाआठ झाले. साडेआठनंतर उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. साडेआठ झाले तेव्हा मी मुलांना सरबत वाटत होते.

रात्री जेवण जाईना. आई आमच्याकडेच असते, ऐंशीच्या घरातली, कान तिखट आणि जीभ त्याहून. म्हणाली, "काहून व, जेवून नाही राहिली?" मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हव म्हणाली नाही. मग विचारलं, "मंग फोन काहून नाही केला?"

"सुट्टी होती, आई."

"तुले होती. तिले होती का?"

मी ताट उचलून उठले. आई रविवारभर माझ्याशी बोलली नाही.

सोमवारी मी अर्ध्या पानाची टीप लिहून प्राचार्यांपुढं ठेवली. छात्रा ने स्वीकार नहीं किया था, शब्द मेरे हैं. त्यांनी वाचली, वर बघितलं आणि म्हणाले, "अच्छा किया मॅडम, बता दिया." बस. बाकीच्या चौघांना बोलावलं, दहा मिनिटांत कार्यवाही दुरुस्त, प्रवेशपत्र मोकळं. कोणी रागावलं नाही, कोणी हसलं नाही. तिवारीजींनी विचारलंसुद्धा नाही. जे दहा मिनिटांत होणार होतं त्याला मी तीन दिवस भीत होते. यावर मला आजही चीड येते, आणि ती काढायला दुसरं कोणी सापडत नाही.

वाचनकक्षही पुन्हा आठपर्यंत उघडा राहू लागला, तेव्हा आंदोलन यशस्वी झालं म्हणायचं. धनेश्वरीनं उरलेले सगळे पेपर दिले. शनिवारचा राहिला तो पूरक परीक्षेत दिला आणि चांगल्या गुणांनी पास झाली. पण पूरकचा निकाल लागेपर्यंत दिवाळी आली. बी.एड.चे प्रवेश केव्हाच संपले होते. बापानं दिलेल्या दोन वर्षांतलं एक गेलं.

लोक विचारतात, पोरांना आंदोलनाचा हक्क असावा का, किती असावा, त्यांची जबाबदारी काय. स्टाफरूममध्ये यावर चहासोबत छान चर्चा होतात. मी ऐकते आणि उठून जाते. पोरांचा हक्क आणि पोरांची जबाबदारी दोन्ही मी बघितलीत, फरशीवर खडूनं ओढलेली, प्रयोगशाळेच्या दाराशी हात जोडून उभी. आमच्या बाजूला काय होतं तेवढं कोणी विचारत नाही. पोरांच्या अर्जावर ज़िम्मेदारचा रकाना आहे. आमच्या रजिस्टरात नाही.

आता मी कार्यवाही मोठ्यानं वाचून दाखवते. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला, त्याच्या भाषेत. हव म्हणाला तर थांबते आणि विचारते, पटलं म्हणून हव की ऐकलं म्हणून हव? समितीतले लोक घड्याळ बघतात. बघोत. पण हे सांगून माझ्या मनाला गार वाटतं असं कोणी समजू नये. धनेश्वरीच्या वेळेला मी हे केलं नव्हतं, आणि तिची वेळ परत येत नाही.

काल ती आली. वर्षभर बीरगांवात पोरांच्या शिकवण्या घेते आहे, जरा वाळली आहे. यंदा बी.एड.चा फॉर्म भरायचा आहे आणि तिला कॉलेजचं पत्र हवं होतं, मधलं एक वर्ष रिकामं का गेलं याचं कारण दाखवणारं. असं पत्र बाबू लिहितो आणि प्राचार्य सही करतात. मी तिला आत बोलावून खुर्ची दिली. खूप दिवसांपासून म्हणायचं होतं ते म्हणाले, "बेटा, मुझे माफ कर दे." तिनं मान हलवली. काय समजायचं ते मी समजू शकले नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

मी लेटरहेड काढलं आणि लिहिलं, 'कार्यालयीन भूल के कारण छात्रा का एक वर्ष व्यर्थ हुआ.' वाक्य गोल झालं होतं. कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं एकेक शब्द वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"भूल तो गुरुवार की थी, मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, एखाद्या पोराची वही तपासावी तशी ती सांगत होती. "वो तो किसी से भी हो जाती है. मेरा साल शुक्रवार को गया."

तिवारीजींनी मान वर केली. मी तो कागद फाडला नाही. 'कार्यालयीन भूल के कारण' या शब्दांवर सरळ रेघ मारली आणि त्यांच्या वर, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, 'लिपिक को शुक्रवार को ही मालूम था और उसने नहीं बताया, इस कारण.' खाली माझी सही केली आणि खाडाखोड तशीच ठेवून तो कागद प्राचार्यांच्या खोलीत घेऊन गेले.